चार ते आठ

पालकसभेत वजनाचा विषय मी स्वतः काढत नाही. पालकच काढतात, आणि तोही भलत्याच टोकाने. सातवीतला मुलगा वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा चांगला दहा-बारा किलोंनी जड आहे, दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्याला धाप लागते, आणि त्याची आई खुर्ची पुढे ओढून मला म्हणते, "मॅडम, तुम्ही तरी सांगा ना त्याला. घरी काही म्हणजे काही खात नाही. ताटावर बसला की दोन घास चिवडायचे आणि उठायचं." शेजारी बाबा मान डोलावतात. आजी सोबत आल्या असतील तर त्यांचे डोळे भरून येतात.

नंतर शिक्षकांच्या खोलीत यावर हशा पिकतो. काही खात नाही म्हणे, मग हवेवर वाढला का? मला हसू येत नाही, कारण ती बाई खरं बोलत असते. तिचा मुलगा खरोखरच जेवत नाही. तो दिवसभर खातो, म्हणून जेवत नाही. हे तिला दिसत नाही, कारण तो ज्या तासांत खातो त्या तासांत त्याच्याकडे बघायला घरात कुणी मोठं माणूस नसतं.

मी पुण्याच्या एका उपनगरातल्या अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. पोषणाचा धडा आला की कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ हे फळ्यावर लिहून झाल्यावर मी मुलांना एक कोरा कागद देते. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात जे जे गेलं ते सगळं लिहा, नाव घालू नका. पहिली दोन मिनिटं खुसखुस होते, मग वर्ग शांत होतो. मुलं फार प्रामाणिक असतात. मोठ्या माणसांना हा कागद दिला असता तर 'पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर' असं पाठ केलेलं उत्तर आलं असतं. मुलं लिहितात: 'चॉकलेट पावडरचं दूध, ४ बिस्किटं बुडवून. डबा अर्धा. प्रथमेशच्या डब्यातली मॅगी' (नाव बदललं आहे, मॅगी तीच आहे). 'व्हॅनमध्ये पाच रुपयांवालं पाकीट. घरी वरणभात थोडा, मोबाइल बघत. क्लासला जाताना ज्यूस. क्लासमधून येताना सँडविच किंवा वडापाव. आजीने चिवडा दिला. बाबांनी पेस्ट्री आणली.' आणि सगळ्यात शेवटी, दहातल्या सहा-सात कागदांवर, जवळपास त्याच शब्दांत: 'रात्री जेवण. भूक नव्हती.'

ती शेवटची ओळ वाचली की पालकसभेतल्या आईची तक्रार जागेवर बसते.

मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यानुसार दहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण २२२० उष्मांक लागतात, मुलीला २०६०. मुलं पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचून आकडे सांगतात; चाळिशीनंतर ते मला चष्म्याशिवाय जमत नाही. बटाट्याच्या वेफर्सना शंभर ग्रॅमला ५४० च्या आसपास उष्मांक. तीस ग्रॅमचं पाकीट धरलं तर १६०. ज्वारीची एक मध्यम भाकरीही साधारण तेवढीच भरते. हे ऐकून वर्गातली हुशार मुलं लगेच विचारतात, मग काय बिघडलं? दोन्ही सारखंच की.

चांगला प्रश्न आहे, आणि तो विचारणारं पोर मला नेहमी आवडतं. भाकरी एकटी खाता येत नाही. तिच्यासोबत पिठलं लागतं, मेथीची भाजी लागते, निदान दाण्याची चटणी आणि कांदा लागतो. ती चावावी लागते, त्यात दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात पोट मेंदूला कळवतं की बास. पाकीट दोन मिनिटांत संपतं. पोटाला पत्ताही लागत नाही. तासाभराने पुन्हा काहीतरी 'चटपटीत' हवं असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली एक प्रयोग केला. वीस प्रौढ माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवलं, दोन आठवडे कारखान्यातलं खाणं आणि दोन आठवडे स्वयंपाकघरातलं. दोन्ही ताटांत साखर, मीठ, चरबी, तंतू, सगळं कागदावर सारखं होतं, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्यातल्या खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली. ती भराभर खात होती, हेही नोंदलं गेलं. हा प्रयोग मोठ्यांवरचा आहे. पण समोर बाकांवर बसलेल्या, ज्यांच्या खिशात अजून व्हॅनमधल्या पाकिटाचा मसाला सांडलेला असतो, त्यांच्याबाबत तो वेगळा निघेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

तरीही मला वाटतं, आपण पाकिटाकडे बघत बसतो आणि घड्याळ सुटतं.

दुपारी चार ते रात्री आठ. सगळा घोळ तिथे आहे. सकाळची शाळा साडेबाराला सुटते, मूल दीडला घरी येतं, आजी असेल तर ताट वाढलेलं असतं, नसेल तर झाकून ठेवलेलं असतं. झाकून ठेवलेलं अन्न एकट्याने बसून, गरम न करता, चवीने खाणारं बारा वर्षांचं मूल मी तरी पाहिलेलं नाही. चार वाजता त्याला खरी, सणसणीत भूक लागते. वाढीच्या वयातली ती भूक आहे, तिच्यात हावरटपणा काही नाही. नेमकं तेव्हाच त्याने क्लासला निघायचं असतं. गणिताचा क्लास, मग इंग्रजीचा, मंगळवार-गुरुवार ॲबॅकस किंवा स्कॉलरशिप. आई-बाबा आठला येतात, स्वयंपाक नऊला होतो, जेवायला साडेनऊ-पावणेदहा. म्हणजे ज्या वेळी पोटाला पूर्ण जेवण हवं असतं त्या वेळी हातात दहाची नोट असते, आणि ज्या वेळी पूर्ण जेवण समोर येतं त्या वेळी पोट भरलेलं असतं आणि डोळ्यांवर झोप असते. झोपही कमीच. सकाळी सव्वासहाला उठायचं म्हणजे साडेआठ-नऊला अंथरुणावर पडायला हवं. साडेदहाच्या आधी आमच्या वर्गातलं क्वचितच कुणी झोपतं. कमी झोपणारी मुलं जाड होण्याकडे झुकतात हे आता बालरोगतज्ज्ञ सर्रास सांगतात.

खेळ या चार तासांतच व्हायचा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज सरासरी साठ मिनिटं अंगात घाम येईल असं काहीतरी करावं. शाळेत आठवड्याला पीटीचे दोन-तीन तास असतात. त्यातला एक पावसामुळे जातो आणि एक गणिताचे सर 'पोर्शन राहिलाय' म्हणून मागून घेतात. पीटीचे सर भिडस्त आहेत, देऊन टाकतात. सोसायटीत गेलं तर कमानीखाली पाटी: 'येथे क्रिकेट, फुटबॉल खेळण्यास सक्त मनाई आहे.' मोटारींच्या काचा मुलांच्या गुडघ्यांपेक्षा महाग झाल्या आहेत.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, आमच्या वेळी बघा कसं होतं. मला हा सूर सहन होत नाही. आमच्या वेळी आम्ही बारीक होतो हे खरं. पण त्यात संस्कारांचा वाटा फार थोडा होता. पामतेल रेशनच्या दुकानात मिळायचं, डबा घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि आई पळीने मोजून तेल घालायची ती आरोग्यासाठी नव्हे, महिना भागावा म्हणून. साखरही रेशनची. दिवाळीचा फराळ डब्यांना कुलूप लावून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. आणि आम्ही काय फार सात्त्विक खात होतो असंही नाही. शाळेतून आल्यावर तूप-साखर-पोळीचा रोल, शिळ्या पोळीचा लाडू, भरपूर गूळ घातलेला. फरक इतकाच की तो खाऊन पाच मिनिटांत आम्ही घराबाहेर असायचो आणि दिवेलागणीला हाक मारल्याशिवाय आत यायचो नाही, आणि दुसरा लाडू मागितला तर तो नसायचाच.

टंचाईतून आलेल्या लोकांना जाड मूल बघून बरं वाटतं, यात आश्चर्य नाही. खात्यापित्या घरचा दिसतो, असं आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. सुदृढ बालक स्पर्धांमध्ये गुबगुबीत गालांच्या बाळाच्या गळ्यात पदक पडायचं, त्याचे फोटो कित्येक दिवाणखान्यांत अजून आहेत. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आज्या अशा काळात वाढल्या, जेव्हा बारीक मूल आजारात हाती लागत नसे. त्यांनी नातवाच्या हातात चिवड्याची वाटी दिली तर त्यांच्यावर डोळे वटारायला मी धजत नाही.

मात्र या टंचाईचा आणखी एक हिशेब आहे, आणि तो आमच्या पुण्यातच मांडला गेला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांच्या, त्यांच्या गरोदरपणाच्या आणि पुढे त्यांच्या मुलांच्या नोंदी ठेवत आले. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंच्या आसपास भरत. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंच्या आसपास. आपली बाळं लहानखुरी, हे कुणालाही डोळ्यांनी दिसत होतं. डॉक्टरांनी चिमट्यासारख्या उपकरणाने पाठीवरच्या कातडीची जाडी मोजली तेव्हा वेगळंच निघालं. स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण चरबी जवळपास इंग्रज बाळाइतकी राखलेली होती. वरून बारीक, आतून जाड. हीच गोष्ट मोठेपणी कशी दिसते ते दाखवायला डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

म्हणून इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी जे तक्ते काढले, त्यांत रेषा इतर जगापेक्षा खाली आहेत. प्रौढांमधलं जादा वजन आणि लठ्ठपणा ठरवायला जगभर बीएमआयचे २५ आणि ३० हे आकडे वापरतात. आपल्या मुलांच्या तक्त्यावरच्या रेषा अठराव्या वर्षी २३ आणि २७ ला जाऊन मिळतात. म्हणजे ज्या मुलाला आपण अजून 'अंगाने भरलेला' म्हणतोय, त्याच्या रक्तात गडबड सुरू झालेली असू शकते.

ती कधीकधी बाहेरून दिसते. मानेच्या मागे, घडीत, काळसर मखमलीसारखा पट्टा येतो, काखेतही येतो. आयांना वाटतं मळ आहे. बेसन, दही, लिंबू, नारळाच्या काथ्याची घासणी, सगळे प्रयोग होतात. एका मुलीची मान घासून घासून लालबुंद झालेली मी पाहिली आहे, आणि तरी तिची आई म्हणत होती, "अंघोळीचा आळस आहे हिला." तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिनचं प्रमाण बराच काळ चढं राहिलं की तिथल्या त्वचेच्या पेशी वाढतात, कातडी जाडसर आणि गडद होते. डॉक्टर त्याला ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. जाड मुलाच्या मानेवर तो दिसला तर साबण बदलण्याऐवजी रक्तातली साखर तपासून घ्यावी. वजन उतरलं की तो हळूहळू फिका होतो. एवढं जरी प्रत्येक पालकसभेत सांगितलं तरी काही मुलींच्या माना वाचतील.

आमच्या शाळेत हे सगळं एका टोकाला, आणि त्याच वर्गात दुसरं टोक. शाळेमागच्या वस्तीतली मुलं दहाच्या सुट्टीत शालेय पोषण आहाराच्या रांगेत उभी राहतात. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे, पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० आणि १२. आठवड्यातून एक अंडं, अंडं न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला होता. त्या दिवशी हजेरी चांगली असायची. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठी पैसे देणं थांबवलं. शाळांनी हवं तर लोकवर्गणी काढावी. अंड्यांसाठी वर्गणी मागायला कोणत्या मुख्याध्यापकाचं धाडस होणार, तेही आपल्याकडच्या शाकाहारी-मांसाहारी वादात! उरला भात, डाळ, कधी मटकी.

सोसायटीतली मुलं त्या रांगेत येत नाहीत. खिचडी गरम असते, डाळीची असते, वास छान येतो, पण ती 'त्यांची' असते. ही मुलं पायरीवर बसून डबा उघडतात आणि त्यात जॅम लावलेल्या पोळीचा रोल असतो. माझ्या मते त्या दहा मिनिटांत मैदानावरचं सगळ्यात बरं जेवण त्या पातेल्यात असतं.

पण वस्तीतली मुलं सुरक्षित आहेत असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. त्याच पाहणीत उंचीच्या मानाने जास्त वजनाची मुलं ४.१ टक्के होती. त्याआधीच्या फेरीत, २०१५-१६ ला, ती १.९ टक्के होती. आकडा लहान आहे, पण पाच वर्षांत दुपटीहून जास्त झाला. खुजेपण आणि चरबी एकाच घरात, कधी एकाच मुलात, मुक्कामाला येतात. चार घरची धुणीभांडी करणारी आई दुपारी घरी नसते. ती जाताना दहाची नोट ठेवून जाते, कारण कुलूपबंद घरात गॅस पेटवणारं पोर तिला नको असतं. बरोबरच आहे तिचं. त्या दहा रुपयांत दोन केळी येतात किंवा दोन पाकिटं. केळीवाला कोपऱ्यावर कधी असतो कधी नसतो, आणि पाकिटांच्या माळा प्रत्येक दुकानाच्या दारात मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लोंबत असतात.

त्या माळा हलवायचे प्रयत्न झाले आहेत. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, शीतपेयं वगैरेंवर बंदी आणली. २०२० मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचे नियम आले: जादा चरबी, साखर, मिठाचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. आमच्या फाटकासमोरचं दुकान रस्त्याच्या पलीकडे आहे. तो रस्ता पन्नास मीटर रुंद नाही, एवढंच सांगते. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, कुठल्या पेयात किती साखर ते दाखवणारे. शेजारच्या सीबीएसई शाळेत तो लागला आहे, पाण्याच्या टाकीजवळ. मुलं तो वाचतात आणि पाठही करतात. किराणा भरणारे पालक मात्र त्या टाकीजवळ कधी जात नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीएसटीचे दर बदलले. गोड शीतपेयांवर ४० टक्के, ठीक झालं. पण बिस्किटं, चॉकलेट, नमकीन ५ टक्क्यांवर आली. किराणावाल्याने आनंदाने सांगितलं, "मॅडम, आता त्याच पैशात पाकीट मोठं."

आणि सकाळचं ते दूध. पालकांना सगळ्यात धक्का बसतो तो त्याने. 'उंची वाढवणाऱ्या' चॉकलेटी पावडरींच्या डब्यावर मागच्या बाजूला बघा. काहींत शंभर ग्रॅममागे तीस ग्रॅमहून जास्त साखर असते. एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना कळवलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात विकू नका, कारण कायद्यात असं सदरच नाही. पावडर बंद केली तर तो दूधच पीत नाही, असं आया म्हणतात. नाही प्यायला एक वेळ तर नाही प्यायला. दही-भात आहे, ताक आहे.

वर्गात या मुलांचं काय होतं, त्याबद्दल मला जास्त बोलायचंय, पण लिहिताना राग येतो. ढोल्या, हत्ती, गॅस सिलिंडर. मुलं चिडवतात ते एक वेळ समजतं. आमच्यातले काही शिक्षकही पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर पाठवताना 'तू मागे बस, कुणाला फळा दिसत नाही' म्हणून हशा मिळवतात. नातेवाइकांचं विचारूच नका. लग्नात आधी 'काय रे, किती सुटलास' आणि लगेच 'अजून एक गुलाबजाम घे, लाजतोस काय'. वर्षातून दोनदा प्रगतिपुस्तकासाठी उंची-वजन घेतात तेव्हा वर्गासमोर वजनकाटा मांडायचा, एकाने आकडा ओरडायचा आणि दुसऱ्याने लिहायचा, अशी आमच्याकडे पद्धत होती. जाड मुलं त्या दिवशी हटकून पोटदुखीने गैरहजर राहत. आता मी काटा प्रयोगशाळेत ठेवते, एकेकाला आत बोलावते आणि आकडा गुपचूप लिहिते.

लिहिते खरी, पण पुढे त्याचं काही होत नाही. पहिलीपासून सातवीपर्यंत एका मुलाच्या उंची-वजनाच्या चौदा नोंदी शाळेत असतात. त्या एका तक्त्यावर ठिपक्यांनी जोडल्या तर तिसरी-चौथीतच रेषा कशी वर वळली ते कुणालाही दिसेल. कुणी जोडत नाही. प्रगतिपुस्तकात पालक गणिताचे गुण बघतात, सही करतात.

तिसरी-चौथीत दिसलं तर काय होतं? बरंच होतं. मुलांना मोठ्यांसारखं वजन उतरवावं लागतंच असं नाही. त्यांची उंची वाढत असते. बऱ्याच मुलांच्या बाबतीत वजन आहे तिथे काही काळ थोपवून धरलं, तरी उंची वर जाते आणि मूल आपोआप प्रमाणात येतं. ही सवलत पंचविशीनंतर कुणाला मिळत नाही. म्हणून बारा वर्षांच्या मुलाला डाएटवर टाकणाऱ्या, त्याची पोळी मोजणाऱ्या आणि त्याच्यासमोर स्वतः भजी खाणाऱ्या घरांचा मला संताप येतो. वाढत्या वयात उपाशी ठेवलेलं मूल लपवून खायला शिकतं, आणि लपवून खायला पाकिटासारखं सोयीचं काही नाही.

एका घराने केलेली गोष्ट सांगते. त्यांच्याकडे आईवडील दोघं कंपनीत, घरी आजोबा. मी त्या आईला मुलाचा कागद दाखवला नाही, फक्त विचारलं, तुमच्याकडचं मुख्य जेवण चार वाजता होऊ शकेल का? ती हसली. पण आजोबांनी मनावर घेतलं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, चहापलीकडे काही करता येत नव्हतं. ते पोळी तव्यावर गरम करायला शिकले, भाजी कुकरमध्ये वाफवायला, अंडं उकडायला. चार वाजता नातू आणि आजोबा समोरासमोर बसून पोळी, उसळ, काकडी असं पोटभर जेवतात. क्लासला जाताना नोट द्यायची बंद केली, कारण त्याला तिची गरजच वाटेनाशी झाली. रात्री सगळ्यांबरोबर मुगाची खिचडी किंवा थालीपीठ, जेवढं जाईल तेवढं. तिथे भांडण संपलं. एक क्लासही सोडला; तो सोडायला घराला सगळ्यात जास्त वेळ लागला. मुलगा बारीक झाला का? नाही. गेल्या वेळेस त्याचं वजन आधीएवढंच होतं आणि उंची चार सेंटिमीटरने जास्त. आई थोडी हिरमुसली होती. मी तिला दोन ठिपके जोडून दाखवले.

प्रत्येक घरात असे आजोबा नसतात हे मला माहीत आहे. वस्तीतल्या घरात तर नाहीतच. त्यांच्यासाठी शाळा दुपारी उघडी राहिली, मैदान आणि एक पातेलं उसळ एवढंच मिळालं, तरी खूप होईल. हा प्रस्ताव मी पालक-शिक्षक संघात मांडला. क्लासवाल्या पालकांनी विचारलं, त्या वेळेत अभ्यास कोण घेणार. पीटीच्या सरांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हणाले, मी थांबतो, मैदान माझ्याकडे द्या. त्यांच्याकडे सगळे बघतच राहिले.

पातेल्याचा खर्च कुणी करायचा यावर गाडी अडली. मग विषय पंधरा ऑगस्टच्या खाऊवर गेला. दरवर्षी एका वितरकाकडून क्रीम बिस्किटांचे पुडे फुकट येतात. मी केळी सुचवली. सालींचा कचरा होईल, असं खजिनदार म्हणाले. शेंगदाण्याच्या चिक्कीवर बऱ्याच जणांचं एकमत झालं, पण तिच्यातही गूळ आहे म्हणून एका उत्साही बाबांनी हरकत घेतली. भाजलेले शेंगदाणे-फुटाणे कागदी पुडीत द्यावेत असं वस्तीतल्या एका आईने सुचवलं. तिची फुटाण्यांची गाडी आहे, भावात करून देईन म्हणाली. फुकट ते सोडून विकत कशाला, असं खजिनदारांनी पुन्हा विचारलं. मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळ पाहिलं. सहा वाजले होते, बाहेर व्हरांड्यात वाट बघणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या हातात पाकिटं होती, आणि खाऊचा निर्णय पुढच्या शनिवारवर गेला.